पुढचा आणि मागचा

"तोंडाने काही बोलायचं नाही. पत्रा नीट बसला, तुमचे हात बाहेर आले, की खालून बोटांच्या हाडांनी दोनदा ठोकायचं. मग मी पाय देणार," पुढच्याने जावयाला पुन्हा एकदा बजावलं.

मशीनच्या पलीकडे जाता जाता जावयाने वळून मान हलवली. त्याचे ओठही हलले. काय म्हणाला ते पुढच्याला कळलं नाही, पण त्याने सवयीने "हं" केलं. गेली काही वर्षं तो साऱ्या जगाला या एका "हं"वर वाटेला लावत होता. बायको म्हणायची, हे घरात असतात पण घरात नसतात. तो म्हणायचा, ऐकू सगळं येतं, ऐकण्यासारखं काही नसतं. त्यावर बायको जे म्हणायची तेही त्याला ऐकू यायचं नाही, त्यामुळे भांडण तिथेच मिटायचं.

कारखान्यात त्याला नावाने कुणीच हाक मारत नसे. पत्रा कापायचं मशीन भिंतीसारखं रुंद होतं. मधे आडवी फट, त्या फटीत वरून खाली येणारं लांब पातं आणि खाली पायाशी पेडल. समोर उभा राहून पत्रा आत सरकवणारा आणि पेडलवर पाय देणारा, तो पुढचा. पलीकडे उभा राहून कापलेला तुकडा झेलणारा, तो मागचा. मिसरूड फुटायच्या वयात दोघे इथे लागले आणि तेव्हापासून जोडी फुटली नव्हती. मागच्याच्या बायकोला तर आळीतल्या बायका थट्टेने मागचीण म्हणत, आणि तीही बिचारी ओ देई.

आता मागच्याची कंबर गेली होती. सकाळी उठायला गेला तो उठलाच नाही. डॉक्टरांनी सांगितलं, वजन उचलणं कायमचं बंद. पुढच्याला ही बातमी ऐकून घेरी आली. लोकांना वाटलं, मैत्रीपायी. मैत्री होतीच. पण त्याच्या काळजाचं पाणी झालं ते वेगळ्या कारणाने, आणि ते कारण त्याने देवालाही सांगितलं नव्हतं. त्याला ऐकू येत नव्हतं.

एकाएकी काही झालं नव्हतं. आयुष्यभर पात्याशेजारी उभं राहिल्यावर कान गळत जातात, गळक्या माठासारखे, आणि माठ रिकामा झालाय हे तहान लागल्यावरच कळतं. आधी चिमणी गेली, मग घड्याळ गेलं, मग दाराची कडी. माणसाच्या ओठांवरून त्याला बरंच वाचता यायचं. पण मशीनच्या पलीकडचा माणूस दिसत नाही, मधे ते लोखंडी धूड असतं. पूर्वी तो विचारायचा, "देऊ?" आणि मागचा म्हणायचा, "दे." एके दिवशी ते "दे" त्याला आलंच नाही. तेव्हा त्याने मागच्याला सांगितलं, तो कोपऱ्यातला कॉम्प्रेसर फार बोंबलतो, तुझं काही कळत नाही, त्यापेक्षा पत्र्यावर दोनदा ठोकत जा. मागचा बरं म्हणाला. तेव्हापासून तो कानांऐवजी तळहातांनी ऐकत होता. पत्र्यावर हात ठेवले की पलीकडचे दोन ठोके थेट कोपरापर्यंत यायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या मुठीवर आता जावई येऊन बसला होता. जावई दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अक्षर असं, की उधारी बंद असं लिहिलं तरी गिऱ्हाईक दोन मिनिटं बघत उभं राहायचं. पण पाट्या छापून मिळू लागल्या आणि त्याचे ब्रश डब्यात वाळले. मुलगी म्हणाली, बाबा, मालकीणबाईंकडे शब्द टाका ना. बायको म्हणाली, जावई घरी बसलाय आणि तुम्ही मूग गिळून बसलात, माणूस आहात का कोण. मागच्याची जागा रिकामी झाल्यावर तर काही बोलायची सोयच उरली नाही. आणि मुख्य अडचण अशी, की जावई मुलखाचा हळू बोलणारा. लग्नात त्याने होकार दिला तोसुद्धा लोकांनी मानेवरून ओळखला होता.

आज काम होतं आरशासारख्या पत्र्याचं. लिफ्टच्या आत लावायच्या चार बोटं रुंदीच्या पट्ट्या. अशी अरुंद पट्टी कापताना पिळते आणि खाली पडली की ओरखडा उठतो, म्हणून मागच्या माणसाला ती पात्याच्या अगदी जवळ हात नेऊन धरावी लागते. पत्र्यावर पातळ प्लास्टिक चिकटवलेलं होतं आणि त्या प्लास्टिकमधून दोघांचे चेहरे धुक्यात दिसावेत तसे दिसत होते.

पहिल्या काही पट्ट्या चांगल्या निघाल्या. टक, टक. पाय. पातं खाली. तो धक्का नडगीतून मांडीपर्यंत यायचा आणि पुढच्याला बरं वाटायचं. जावई पट्टी शेजारच्या लाकडी घोडीवर ठेवायचा, परत यायचा, टक, टक. आठवण करून द्यावी लागत नव्हती. जावयाच्या हातात मागच्याचे चामडी हातमोजे होते. मागच्याचे पंजे फावड्याएवढे, त्यामुळे जावयाच्या बोटांपुढे चामडं रिकामंच लोंबायचं. शेजारच्या मशीनवर पत्रा वाकवणारा, ज्याला सगळे वाकड्या म्हणत, त्याने सकाळीच थट्टा करून घेतली होती, की सासऱ्याने जावयाला मोजे दिले पण बोटं द्यायला विसरला.

पुढच्याला हसू आलं नव्हतं. त्याची पाठ घामाने भिजली होती. प्रत्येक पट्टीला तो पाय पेडलवर अधांतरी धरून थांबायचा आणि दोन ठोके आले तरी मनात विचारायचा, हेच का ते? मागच्याचे ठोके त्याला पाठ होते, पहिला जड, दुसरा हलका. जावयाचे दोन्ही सारखे होते, दारावर परक्या माणसाने वाजवावे तसे.

मग पत्र्याचा शेवट जवळ आला. पुढच्याने पत्रा सरकवला, रेघ पात्याखाली आणली, हात पसरून दाबून धरला. टक, टक. त्याने पाय दिला.

पातं खाली आलं, वर गेलं. धक्का नेहमीचाच. पण वाकड्या आपलं काम टाकून धावत येताना दिसला, त्याचं तोंड उघडं होतं, आणि पुढचा पेडल सोडून मागे निघाला. मशीनला वळसा घालून मागे जायला चार पावलं लागतात. ती चार पावलं चालताना त्याने मुलीचा चेहरा पाहिला, तिच्या लग्नातला नव्हे, लहानपणचा, गोवर आला होता तेव्हाचा.

जावई उभा होता. उजवा हात छातीशी धरून, पांढराफटक. खाली फरशीवर चामड्याचे दोन तुकडे पडले होते, अंगठ्याच्या नखाएवढे. पुढच्याने त्याचा हात ओढून घेतला, मोजा उपसून काढला, आणि बोटं मोजली. पुन्हा मोजली. सगळी होती. नखंसुद्धा होती. पात्याने फक्त मागच्याच्या मोठ्या पंजाची रिकामी जागा तेवढी कापून नेली होती.

मालकीणबाई केबिनमधून बाहेर आल्या. वडिलांनंतर कारखाना त्यांनी हातात घेतला होता आणि लहानपणापासून त्या पुढच्याला काका म्हणत आल्या होत्या. काय झालं, त्यांनी विचारलं. पुढच्याने त्यांच्या ओठांकडे पाहिलं, मग जावयाच्या.

"पत्र्यावरचं प्लास्टिक फुगलं होतं," जावई म्हणाला. या वेळी तो पुढच्याकडे तोंड करून, सावकाश बोलत होता. "पत्राच फुगलाय की काय ते बघायला मी ठोकून पाहिलं. पाटी रंगवायच्या आधी ठोकून बघायची सवय आहे. आणि प्लास्टिक दाबायला बोटं आत घातली. बाबांना वाटलं, मी तयार आहे. माझीच चूक."

"तोंडाने थांबा म्हणायला काय झालं होतं?" मालकीणबाईंनी विचारलं.

जावयाने खाली बघितलं. "थांबा म्हणालोच नाही."

वाकड्याने मान वर केली. त्याचं मशीन दोन हातांवर होतं. त्याने एकदा जावयाकडे पाहिलं, मग पुढच्याकडे, आणि मग हातातला फडका नीट घडी करू लागला. पुढच्याला त्या एका नजरेत सगळं समजलं. जावई थांबा म्हणाला होता. वाकड्याने ते ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं ते त्याने एकट्याने.

मालकीणबाई म्हणाल्या, की हे काम सगळ्यांना जमतं असं नाही आणि यात कमीपणा काही नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर जावयाने मशीनवर उभं राहू नये, उद्यापासून येऊ नये. मागे कोण द्यायचं ते त्या बघतील.

बोलायची वेळ होती ती हीच. पुढच्याने तोंड उघडलंही. पण या मशीनखेरीज त्याला दुसरं काही येत नव्हतं. आणि एका गोष्टीचा त्याला गर्व होता, चोरून जपलेला. आजूबाजूच्या प्रत्येक कारखान्यात आखूड बोटांची माणसं होती, त्याच्या मशीनवर कुणाचं नखही गेलं नव्हतं. तो "हं" म्हणाला. आणि जावयाने भिंतीला टेकवून ठेवलेला आपला डबा उचलला तेव्हा त्याला स्वतःची एवढी किळस आली, की त्याला तिथे उभं राहवेना.

स्वतःचा डबा न उघडता पुढचा कारखान्यामागच्या गल्लीत गेला. मागच्याचं घर तिथेच होतं, दोन खोल्यांचं. मागच्याच्या बायकोने, वहिनींनी, दार उघडलं, त्याचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता आत बोट केलं. मागचा फळीवर सरळ पडला होता, ओंडका ठेवावा तसा. फक्त मान वळत होती. त्याने मान वळवली, अगदी पूर्ण, आणि तोंड पुढच्यासमोर आणूनच बोलला. तो नेहमीच असं बोलायचा. आज पहिल्यांदा पुढच्याला वाटलं, की बाकी कुणी असं बोलत नाही.

पुढच्याने खिशातून चामड्याचे ते दोन तुकडे काढून त्याच्या छातीवर ठेवले आणि झालेलं सांगितलं. ठोके, प्लास्टिक, मालकीणबाई. बोलता बोलता त्याने शेवटी वर्षानुवर्षं जपलेलं तेही सांगून टाकलं. "मला ऐकू येत नाही रे. त्या कॉम्प्रेसरचं मी तुला खोटं सांगितलं होतं."

मागच्याने तुकडे उचलून निरखले. "कॉम्प्रेसर त्या दिवशी बंद होता," तो म्हणाला.

पुढचा त्याचे ओठ वाचायला आणखी जवळ सरकला.

"सकाळपासून बंद होता. त्याची मोटर खोलून ठेवली होती. मीच उचलू लागलो होतो ना मिस्तरीला. अख्ख्या कारखान्यात टाचणी पडली तर ऐकू आली असती. आणि तू मला सांगतोस, कॉम्प्रेसर बोंबलतो."

"मग बोलला का नाहीस?"

"तू सांगायची वाट बघत होतो." मागचा थोडा हसला, हसल्याने कंबरेत कळ आली म्हणून थांबला. "पहिले काही दिवस घाबरलो. म्हटलं, या बहिऱ्याच्या पायाखाली माझे हात. घरी येऊन हिला म्हणालोसुद्धा, मी नाही जाणार उद्यापासून. मग विचार केला, मी गेलो तर तिथे दुसरा कुणीतरी येईल, आणि त्याला माहीत नसेल. मला निदान माहीत होतं."

पुढच्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसलेही नाहीत. ज्या गर्वावर तो इतकी वर्षं ताठ उभा होता तो त्याचा नव्हताच. तो पलीकडे उभा राहणाऱ्या या माणसाचा होता, पहिला जड आणि दुसरा हलका अशा दोन ठोक्यांचा.

"मी ठोकायचो ना," मागचा म्हणाला, "तेव्हा आधी दोन्ही हात बाहेर काढून मशीनच्या अंगाला लावायचो. मग एकाच हाताने ठोकायचो. त्याशिवाय कधी नाही. तू जावयाला ठोकायला शिकवलंस, पण का ठोकायचं, तुला ऐकू येत नाही म्हणून, ते सांगितलं नाहीस. ते कळलं असतं तर त्याने सवयीने ठोकलं नसतं. जा आता. हे तुकडे घेऊन जा."

वहिनींनी पाणी पुढे केलं. ते पिऊन तो परत निघाला. वाटेत एकदा तर तो कोपऱ्यावर उभाच राहिला. घरी जावं, तब्येत बरी नाही म्हणावं, असंही मनात येऊन गेलं. पण घरी मुलगी येणार होती संध्याकाळी, नवऱ्याची नोकरी कशी सुटली ते विचारायला.

मालकीणबाई केबिनमध्ये होत्या. जावई दाराशी बाकावर बसला होता, डबा मांडीवर. पुढच्याने दार उघडंच ठेवलं, म्हणजे त्यालाही ऐकू जावं.

"जावईबापूंनी थांबा म्हटलं होतं," पुढचा म्हणाला. "मला ऐकू आलं नाही. मला ऐकू येतच नाही, बाई. बऱ्याच वर्षांपासून. मागच्याला ते माहीत होतं, त्याने सांभाळून घेतलं."

मालकीणबाई उठून उभ्या राहिल्या. त्या रागावतील हे त्याने धरलंच होतं, पण त्या रागावल्या ते हळू आवाजात, आणि ओठ नीट हलवून, एकेक शब्द त्याला कळेल असं. "काका, तुम्ही माझ्या कारखान्यात एखाद्याचा हात घालवला असता. माहीत असून पाय देत होतात. मागचेकाका माहीत असून उभे राहत होते. आणि मी रोज समोरून बघत होते. आता मी काय करू, सांगा."

पुढच्याने मान खाली घातली, मग लगेच वर केली, कारण मान खाली घातली की त्याला काहीच कळायचं नाही.

"पेडलवर तुमचा पाय पुन्हा पडणार नाही," त्या म्हणाल्या.

"नको," तो म्हणाला. "पण मागे उभं राहायला कान लागत नाहीत. मागच्याने ऐकायचं नसतं, सांगायचं असतं. ऐकायचं पुढच्याने. यांना कान आहेत, आणि रेघ सरळ आहे की नाही हे यांना नुसतं बघून कळतं, पाट्या रंगवल्यात त्यांनी. पत्रा रेघेला लावायचं मी शिकवेन. यांना पुढे घ्या. मला मागे घाला."

बाकावरून जावई उठला. "बाबा, माझा पाय चालणार नाही," तो म्हणाला, आणि प्रथमच त्याचा आवाज चढला असावा, कारण बाहेर वाकड्याने वळून पाहिलं. "तुमचे हात आत असताना मी पाय देऊ?"

"तुमचे हात आत असताना मी दिलाच की," पुढचा म्हणाला. "मला नव्हतं कळत. तुम्हाला कळेल. म्हणूनच तुम्ही द्यायचा, जावईबापू."

मालकीणबाई म्हणाल्या, की त्या स्वतः समोर उभ्या राहतील, एक पट्टी बघतील, नंतरचं नंतर. त्यांचा चेहरा अजून रागातच होता आणि तो तसाच राहायला हवा असं पुढच्यालाही वाटलं.

त्याने जावयाला पेडलपाशी उभं केलं. पत्रा कसा धरायचा, नजर कुठे ठेवायची, पाय कसा अलगद द्यायचा आणि लगेच उचलायचा, हे दाखवलं. आधी बिनपत्र्याचं, मग रद्दी तुकड्यावर. जावयाने आरशाच्या पत्र्यावरची रेघ पात्याखाली आणली, एक डोळा मिटून पाहिलं, पत्रा केसभर हलवला. बरोबर केलं होतं. पुढच्याने कापलेल्या बोटांचे ते हातमोजे चढवले. त्याचे पंजे मागच्याएवढे मोठे नव्हते, पण जावयापेक्षा मोठे होते, आणि फाटक्या चामड्यातून त्याची दोन बोटं टोकाशी उघडी राहिली.

मग तो मशीनच्या मागे गेला.

एवढ्या वर्षांत तो इथे कामासाठी कधी उभा राहिला नव्हता. इकडे उजेड कमी होता. पात्याची खालची धार इकडून दिसायची, पांढरी, आणि लोखंडाच्या फटीतून पलीकडच्या माणसाची फक्त पावलं दिसायची, दुसरं काही नाही. मागच्याने आयुष्यभर त्याचे बूट बघितले होते. आता तिथे जावयाचे बूट होते, निळ्या आणि लाल रंगाचे शिंतोडे उडालेले. उजवा पेडलच्या वर अधांतरी थांबला होता.

त्याने पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत नजरेने तपासली. प्लास्टिक कुठे फुगलं नव्हतं. दोन्ही हात बाहेर काढून त्याने मशीनच्या गार अंगाला टेकवले, जसं त्याला आज कळलं होतं तसं. मग एका हाताने खालून ठोकलं. पहिला जड, दुसरा हलका.

बूट हलला नाही.

त्याला समजलं. पोराला भीती वाटत होती, आणि वाटायलाच हवी होती. त्याने परत ठोकलं नाही. छाती भरून श्वास घेतला आणि "दे" म्हणाला. आपला आवाज केवढा निघाला हे त्याला कळायला मार्ग नव्हता, पण वाकड्याने, मालकीणबाईंनी, दारात जमलेल्या पोऱ्यांनी, सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने तळहात पट्टीच्या बाहेरच्या कडेखाली धरला, पात्यापासून चार बोटं दूर, आणि थांबला.

बूट खाली गेला. खट्टाक झालं असणार. त्याला कळलं ते हातावर आलेल्या वजनाने. अरुंद, पिळू पाहणारी पट्टी त्याने अलगद सावरली, कापलेली कड उघड्या बोटांनी चाचपली, घोडीवर ठेवली, आणि परत येऊन दोन्ही हात मशीनच्या अंगाला लावून उभा राहिला.